बारीक अक्षरं

"आधी बारीक अक्षरं वाच. मोठी अक्षरं म्हंजी नुसती जाहिरात."

असं म्हणून आक्का कागद माझ्या हातात द्यायच्या आणि डावा तळहात कानामागे धरून बसायच्या. ऐकू त्यांना उत्तम येत होतं. हात कानामागे जायचा तो वाचणाऱ्यानं एखादा शब्द गिळू नये म्हणून. कागद कसलाही असो, लग्नपत्रिका, विजेचं बिल, मसाल्याचं पाकीट, सगळं पहिल्यापासून शेवटपर्यंत मोठ्यानं. आक्कांना सही यायची, वाचता येत नव्हतं.

हिंजवडीच्या पुढच्या एका गावात त्यांच्या वरच्या एका खोलीत मी भाड्यानं राहायचो. पुण्याच्या कडेच्या गावांत तुम्ही त्या वर्षांत राहिला असाल तर अशी घरं तुम्हीही पाहिली असतील. खाली म्हैस, वर इंजिनिअर. आमची नावं आक्कांनी कधी लक्षात ठेवली नाहीत. ज्या गावाहून आला ते त्याचं नाव. शेजारच्या खोलीत वर्धा आणि यवतमाळ, पुढच्या खोल्यांत आणखी आठ-दहा गावं, आणि मी अकोला.

"ए अकोला, हितं ये. वाच."

माझा भाडेकरारसुद्धा मीच त्यांना वाचून दाखवला. 'पूर्वपरवानगीशिवाय' या शब्दापाशी मी जरा घाई केली, तर त्या म्हणाल्या, "परत." तीनदा वाचून झाल्यावर त्यांनी सही केली. कंपनीतली मुलाखत मला त्यापेक्षा सोपी गेली होती.

ही सवय का लागली ते मला सुनंदानं सांगितलं. सुनंदा शेजारची. नवऱ्याची कारखान्यात पाठ गेली तेव्हापासून मोबाइल रिचार्जचं टपरीवजा दुकान ती एकटी चालवायची.

आक्कांची चार एकर जमीन होती. त्यातली अडीच एका बिल्डरला विकायची ठरली. दलाल गावातलाच होता. त्यानं ओसरीवर बसून खरेदीखत वाचून दाखवलं, आक्कांच्या नवऱ्यानं सही केली. लग्नानंतरच्या तिसऱ्या उन्हाळ्यात दोघांनी मिळून खणलेली विहीर उरलेल्या दीड एकराला राहणार, असं तोंडी ठरलं होतं. महिन्याभरात बिल्डरची भिंत उभी राहिली आणि विहीर भिंतीच्या आत गेली. खरेदीखतात 'विहिरीसह' असा शब्द होता. दलालानं वाचताना तो गिळला होता. मग विहीर बुजवली. तिच्यावर आता आयटी कंपनीच्या मोटरसायकली उभ्या राहतात. आक्कांचे यजमान वर्षभर रोज त्या भिंतीपाशी जाऊन उभे राहायचे. एक दिवस ते अंथरुणातून उठलेच नाहीत.

आक्का दलालाकडे गेल्या तेव्हा तो एवढंच म्हणाला, "आक्का, कागदात जे हाय ते खरं."

पुढे तो दलाल शेठ झाला. एका मोबाइल कंपनीची आमच्या भागातली एजन्सी त्यानं घेतली, चौकात काचेचं दुकान थाटलं. इंटरनेटची डोंगलं तिथं इतकी खपायची की रविवारी रांग लागायची. त्याच्या वाढदिवसाचे फलक रस्ताभर असायचे. उन्हाळ्यात आक्का बाजाराला निघाल्या की मी पाहायचो. फलकाची सावली रस्त्यावर पडलेली असेल तर त्या उन्हातून वळसा घालून जायच्या.

मग एका दुपारी त्यांनी मला एक पत्रक दिलं. त्याच कंपनीचं. 'ग्रामीण इंटरनेट योजना.' डोंगलच्या एक तृतीयांश पैशांत महिनाभर हवं तेवढं इंटरनेट. मी बारीक अक्षरांपासून सुरुवात केली. सिम फक्त ग्रामीण यादीतल्या टॉवरवर चालेल. पत्ता ग्रामीण हवा. वापर कुटुंबातील व्यक्तींसाठी.

"आपलं गाव त्या यादीत हाय का?"

ते मला माहीत होतं. त्याच कंपनीच्या बिलाचं सॉफ्टवेअर तपासणं ही माझी नोकरी. चारी बाजूंनी काचेच्या इमारती उठल्या होत्या, पण यादी कुणी बदलली नव्हती. कंपनीच्या लेखी आमचं गाव अजून शेतं, गोठे आणि पारावरची म्हातारी माणसं, एवढंच होतं. मी सांगायला नको होतं. सांगितलं.

"आन घरटी किती घ्यायची, लिवलंय?"

"नाही लिहिलं."

"कुटुंबातली मानसं म्हंजी कोन, ते लिवलंय?"

"नाही."

आक्कांनी हात कानामागून काढला. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच मी त्यांना हसताना पाहिलं, आणि खरं सांगतो, ते हसू बघायला बरं वाटलं नाही.

आठवड्याभरात आक्का जमीन गेलेल्या प्रत्येक घरी जाऊन आल्या. प्रत्येकानं स्वतःच्या नावावर, स्वतःच्या कागदपत्रांवर हवी तेवढी सिमं घेतली. खोटं काही नाही. फॉर्म सगळे सुनंदाच्या दुकानातून थेट कंपनीकडे गेले. मग ती सिमं आपापल्या भाडेकरूंना दिली. वरचा पैसा कुणी घ्यायचा नाही, हा आक्कांचा दंडक होता. "दुकान न्हाई मांडायचं. त्येचं बंद पाडायचं."

राहिला प्रश्न कुटुंबाचा. तो आक्कांनी त्यांच्या पद्धतीनं सोडवला. आमच्या घराच्या भाडेकरूला सिम मिळण्याआधी खाली चुलीपाशी बसून भाकरी खावी लागायची.

"खाल्ली? आता तू घरचा. उद्या कुनी इचारलं तर काय सांगशील?"

"आक्कांच्या घरचा," यवतमाळ तोंडातला घास सांभाळत म्हणाला.

रविवारी अंगणात पिठलं-भाकरीची पंगत बसू लागली. मोठ्या पगाराचे, गळ्यात कंपनीचं ओळखपत्र अडकवलेले पोरगे मांडी घालून बसायचे आणि कुटुंबात दाखल होऊन उठायचे. एकानं फक्त भात खातो म्हणून सांगितलं. आक्का विचारात पडल्या, मग म्हणाल्या, "चालंल. घरात एखादा असतोच तसला."

चौकातली रांग आटली. शेठच्या दुकानात पोरं माश्या मारत बसली. आक्का आता बाजाराला जाताना मुद्दाम काचेसमोरून जायच्या, थांबायच्या आणि आतली रिकामी खुर्ची बघून पुढे जायच्या.

मला मात्र एक गोष्ट दिसत होती. टॉवर एकच होता. टेकडीपलीकडच्या वाडीत, जिथं खरोखरच अजून गाव होतं, संध्याकाळी नेट चालेनासं झालं. ज्यांच्यासाठी योजना काढली होती त्यांचंच बंद पडलं होतं. तक्रारी माझ्याच स्क्रीनवर यायच्या. आणि आम्ही वर बसून सिनेमे उतरवून घेत होतो. एकदा न राहवून मी आक्कांना म्हणालो, "आक्का, हे बरोबर आहे का?"

त्या गवत टाकत होत्या. मागे न बघता म्हणाल्या, "चूक आसंल. पन कागदात न्हाई." आणि थोड्या वेळानं, "हीर बुजवली तवा कुनी इचारलं का रं, बरोबर हाय का म्हनून?"

वाडीबद्दल मी बोललोच नाही. माझाही सिनेमा अर्धा उतरला होता.

चौथ्या महिन्यात शेठनं कंपनीकडून फॉर्मांची चौकशी करवली. सगळ्यांवर शिक्का एकाच दुकानाचा. गावकऱ्यांना तो हात लावू शकत नव्हता, त्यांनी काही नियम मोडला नव्हता. पण सुनंदाचं रिचार्जचं काम त्याच्या एजन्सीखाली होतं आणि तिच्या करारात 'कारण न देता बंद करता येईल' असं लिहिलेलं होतं. त्यानं एका सकाळी ते बंद केलं.

सुनंदा दुपारी आली. दुकानाची पत्र्याची पाटी तिनं दोन्ही हातांनी धरून आणली होती. ती तिनं आक्कांच्या दारात उभी ठेवली. रडली नाही.

"आक्का, मी तर तुमची विहीर बुजवली नव्हती."

एवढंच बोलली आणि गेली. आक्का दारातच उभ्या राहिल्या. पाटीवर नेमकी बारीक अक्षरं होती, पण ती त्यांनी मला वाचायला सांगितली नाहीत. त्या दिवशी आमच्याकडे चूल पेटली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या म्हणाल्या, "अकोला, हापिसला उशिरा जा. माझ्यासंगं चल." धुतलेलं लुगडं, कमरेला पिशवी.

शेठ खुर्चीतून उठला. "या आक्का, बसा. पाणी आणू?"

"पानी? तू मला पानी इचारतोस?"

बिल भरायची शेवटची तारीख होती, म्हणून त्या दिवशी दुकानात दहा-बारा गिऱ्हाइकं होती. सगळी वळून बघू लागली.

आक्का म्हणाल्या, "सुनंदाचं दुकान चालू कर. केलं ते म्या केलं. समदी सिमं परत गोळा करून आनते."

शेठ हळूहळू सावरला. माणूस बोलण्यात तयार होता. "नियमात बसतं म्हणून माणसानं काहीही करायचं का, आक्का? नीती म्हणून काही असते की नाही? गरीब गावकऱ्यांसाठी योजना निघाली आणि तुम्ही ती पगारदारांना वाटलीत. पलीकडच्या वाडीवरच्या पोरांना अभ्यासाला नेट मिळत नाही. त्यांचा काय दोष?"

वाईट याचं वाटलं की तो शब्दाशब्दानं खरं बोलत होता. आक्कांनी माझ्याकडे पाहिलं. वाडीचं त्यांना तेव्हाच कळलं. आणि मला ते आधीपासून ठाऊक होतं, हेही माझ्या तोंडावरून कळलं असावं. मी मान खाली घातली.

त्या शेठकडे वळल्या. "वाडीचं चुकलं माझं. पन नीती तू शिकवू नगंस. कागदात जे हाय ते खरं, हे मला कुनी शिकवलं?"

शेठनं टेबलाचा खण उघडला. त्यानं एक टाइप केलेला कागद पुढे सरकवला. माफीनामा. सही केली तर सुनंदाचं काम सुरू होईल. मी तो मोठ्यानं वाचला. 'मी कंपनीची फसवणूक केली' असं त्यात होतं. मी थांबलो.

"आक्का, यावर सही करू नका. तुम्ही फसवणूक केलेली नाही."

"गप. वाच फुडं."

वाचून झाल्यावर आक्कांनी पेन मागून घेतलं. पण सही करायच्या आधी कमरेची पिशवी सोडली आणि एक घडी घालून घालून मऊ झालेला कागद काढला. खरेदीखताची नक्कल. ती त्यांनी शेठसमोर टेबलावर पसरली.

"सही करते. पन आधी तू ह्ये वाच. समद्यांना ऐकू जाईल आसं. तवा वाचलंवतंस तिथनं."

"आक्का, आता जुनं कशाला…"

"वाच."

गिऱ्हाइकं हलली नाहीत. दुकानातली पोरं काउंटर सोडून बघत राहिली. शेठनं घसा साफ केला, इकडंतिकडं पाहून हसायचा प्रयत्न केला, कुणी हसलं नाही. मग त्यानं वाचायला सुरुवात केली. चतुःसीमा झाल्या, बांध झाला, झाडं झाली, आणि मग खालच्या आवाजात, घाईघाईनं, 'विहिरीसह.'

आक्कांचा हात कानामागे गेला.

"परत."

"विहिरीसह."

"परत."

तिसऱ्यांदा त्याचा आवाज फाटला. मानेवरून घाम ओघळत होता आणि वर एसी चालू होता. आक्कांनी कागदाची घडी घातली, माफीनाम्यावर आपल्या वाकड्या अक्षरात सावकाश सही केली आणि बाहेर पडल्या.

रस्त्यात मी विचारलं, "बरं वाटलं का, आक्का?"

"न्हाई," त्या म्हणाल्या. बरंच पुढे गेल्यावर थांबल्या. "पन उद्या परत गावला, तर परत वाचायला लावीन."

त्याच आठवड्यात त्यांनी घरोघर जाऊन सिमं गोळा केली. ऑफिसात माझ्याकडे काम आलं, आमचं गाव ग्रामीण यादीतून काढून शहराच्या यादीत टाकायचं. बदल मीच तपासला, बरोबर असल्याचा शेरा मारला. घरी येऊन आक्कांना सांगितलं, आणि वाडीबद्दल गप्प राहिलो होतो हेही बोललो. त्या म्हणाल्या, "तू माझ्यासाठी वाचायचास. तूबी गिळलंस व्हय?" माझी खोली त्यांनी काढून घेतली नाही. पण त्यानंतर कागद वाचायला त्या वर्ध्याला हाक मारू लागल्या.

सुनंदाचं दुकान सुरू झालं. तिनं आक्कांना शिव्या दिल्या नाहीत, अबोलाही धरला नाही. फक्त ओसरीवर येणं सोडलं. सणाला आक्का तिच्याकडे ताट पाठवायच्या. ती ते घ्यायची, आणि रिकामं ताट घासून, पुसून दुकानाच्या पायरीवर ठेवायची. आक्का ते स्वतः जाऊन उचलून आणायच्या. दोघी एकमेकींना "बरं हाय का?" एवढं विचारायच्या.

पुढे मी खराडीला नोकरी बदलली. आक्का गेल्या त्या दिवशी यवतमाळचा फोन आला म्हणून पोचलो. जुने भाडेकरू बरेच आले होते. गुरुजींनी "घरची माणसं पुढे या" म्हटलं, तर आम्ही सगळेच पुढे सरकलो आणि मग ओशाळून मागे झालो.

अंत्ययात्रा चौकाकडे वळताना सुनंदाचं दुकान लागतं. ते उघडं होतं. एक गिऱ्हाईक नंबर सांगत होतं. सुनंदानं हातानंच त्याला थांबवलं, चपला काढल्या, पायऱ्या उतरून रस्त्याच्या कडेला आली आणि हात जोडून उभी राहिली. आम्ही वळेपर्यंत ती तशीच होती. मी मागे वळून पाहिलं तेव्हा पदरानं तोंड पुसत ती वर चढत होती.

"हां, सांगा," ती त्या गिऱ्हाइकाला म्हणाली. "अठ्ठ्याण्णवच्या पुढं काय?"