आईला दिलेली सगळ्यात भारी खोली

आमच्या मावळात हल्ली कुणाला घर बांधायचं झालं की तो आधी लोणावळ्याला जातो. गवंड्याकडे नाही, बंगले बघायला. कुंपणाबाहेर उभं राहून मोबाइल उंच धरतो, गेटच्या सळ्यांतून हात आत घालून फोटो काढतो, आणि मग तो फोटो प्लॅन काढणाऱ्यापुढे ठेवून म्हणतो, "असं पायजे." बंगल्याचा मालक शनिवारी येतो आणि रविवारी संध्याकाळी कुलूप लावून जातो. आमच्या माणसाला त्याच घरात बारा महिने राहायचं असतं, तेही म्हाताऱ्या माणसांसकट, भाताच्या पोत्यांसकट आणि ओल्या धुण्यासकट. पण हे फोटोत दिसत नाही, म्हणून ते डोक्यातही येत नाही.

माझ्या थोरल्या भावाला तर कुंपणाबाहेर उभं राहायचीही गरज नव्हती. दादा लोणावळ्यातल्या बंगल्यांची देखभालच करतो. किल्ल्यांचा जुडगा त्याच्याच कमरेला. त्या बंगल्यांची सगळी दुखणी त्याला पाठ आहेत. दर पावसाळ्याआधी तो शिडी लावून पश्चिमेच्या काचांवर निळं प्लास्टिक बांधतो, आणि तरीही ऐन आषाढात हॉलमध्ये पोती टाकून पाणी टिपत बसतो. "खिडक्यांना छज्जं ठेवलं न्हाईत येड्यांनी," असं मालकांच्या माघारी शंभरदा म्हणतो. आणि याच शहाण्याने स्वतःच्या घराला छज्जे ठेवले नाहीत. का, तर समोरून बोजड दिसतं.

आमचं गाव कामशेतच्या पुढे. जुनं घर अगदी रस्त्याकडेला, पत्र्याचं, बैठं आणि चांगलं धडधाकट. त्याला पुढे लांबलचक पडवी होती. पावसाळ्यात सगळं धुणं तिथे वाळायचं, चपला, छत्र्या, इरली तिथेच निथळायची आणि चिखल घरात यायचा नाही. पडवीच्या कठड्याला टेकून आई बसायची. गुडघे गेल्यापासून तिचं सगळं जग म्हणजे ती पडवी आणि मागच्या दाराजवळचा संडास, एवढंच. तिथवर ती भिंतीला धरून एकटी जायची. पण तिला एकटं कधी वाटलं नाही, कारण रस्त्याने जाणारा कुणीही तिच्या तावडीतून सुटायचा नाही. दूध घालून येणारा असो की बाजाराला वडगावला निघालेली बाई असो, आईची हाक ठरलेली: "ये की, बस वाईच." आणि माणसं खरंच बसायची.

त्याच जागी नव्या घराच्या आखणीची पांढरी फक्की मारली त्या दिवशी मी तळेगावहून मुद्दाम गेले. नवऱ्याची नोकरी तिथल्या कारखान्यात, त्यामुळे मी सोसायटीत राहणारी. म्हणजे भावाच्या मते मला, जिथे शेजाऱ्याचा पंखाही ऐकू येतो अशा खुराड्यातून येऊन मोठ्या घराबद्दल बोलायचा काही अधिकार नव्हता. तरी मी पांढऱ्या रेघांतून फिरले. हॉल, किचन, गाडीसाठी पोर्च. आईची खोली रेघांत होती, पण संडास दिसेना.

"दादा, संडास कुठाय?"

"वर. दोन हायेत."

"आणि खाली?"

"खाली त्या कोपऱ्यात काढला व्हता. पर वास्तुवाला म्हनला, ह्यो ईशान्य कोपरा, हितं देवघर पायजे. मग आईची खोलीबी वरच घेतली, संडासाला लागून. खालची तिची खोली आता गेस्टरूम."

"आई वर चढणार कशी?"

"आमी हाय की. धरून नेऊ."

"आणि पडवी?"

"पडवी आता कोन ठेवतं गं?"

मी म्हटलं, दुसऱ्या कोपऱ्यात संडास घे, मागे घे, जिन्याखाली घे, पण खाली एक हवाच. पायऱ्या कमी उंचीच्या घे, एका बाजूला तरी धरायला लोखंडी कठडा ठेव. तो हसला. जिन्याखाली म्हणे छोटं कारंजं येणार होतं, बंगल्यातल्यासारखं. वहिनी हळूच म्हणाली, "मी बोलले, पर आयकत न्हाईत." बायकोचं, बहिणीचं आणि स्वतःच्या डोळ्यांचं न ऐकणारा माणूस वास्तुवाल्याचं मात्र एका शब्दात ऐकतो, याची मला अजून चीड येते.

आई मात्र खूश होती. बांधकामाला पाणी मारायचं काम तिने स्वतःकडे घेतलं होतं. प्लास्टिकच्या स्टुलावर बसून, हातात पाइप धरून ती सकाळ-संध्याकाळ भिंती भिजवायची आणि जाणाऱ्या-येणाऱ्याला अभिमानाने सांगायची, "माज्या पोरानं काडलंय." तिला आपण कुठे राहणार हे विचारायचं सुचलंच नाही. घर माझं, म्हणजे त्यात मी असणारच, असा तिचा साधा हिशेब.

वास्तुशांतीला अख्खी भावकी आली. जेवणं झाल्यावर दादाने आईला खुर्चीवर बसवलं आणि दोघा चुलत भावांनी खुर्ची उचलून जिन्यावरून वर नेली. पोरीबाळी मोबाइलवर शूटिंग करत होत्या, बायका "सावकाश, सावकाश" करत होत्या. वरची खोली उघडली. मोठा पलंग, आतच संडास-बाथरूम, आणि रस्त्याच्या बाजूला जमिनीपासून छतापर्यंत एक अखंड काच. "आईला घरातली सगळ्यात भारी खोली दिली बगा," दादा म्हणाला. भावकीने माना डोलावल्या. एक आत्या तर डोळे पुसत होती. कुणालाही असं वाटलं नाही की वर नेलेलं माणूस खाली कसं येणार, हेही एकदा विचारावं.

कसं येणार? खाली आणायला दोन दणकट माणसं लागतात. दादा शनिवार-रविवार बंगल्यावर, इतर दिवशी कधी शेतावर, कधी उर्से टोलच्या पलीकडे कुणा मालकाला आणायला. पुतण्या कॉलेजात. वहिनी एकटी तिला पेलत नाही. पहिल्या काही दिवसांत आईने बसून, एकेक पायरी सरकत उतरायचा प्रयत्न केला. पायरी उंच, गुळगुळीत, धरायला काचेचं रेलिंग. मधेच ती अडकली आणि परत वर न्या म्हणून रडू लागली. त्यानंतर तिने खाली यायचं नावच काढलं नाही. जेवणाचं ताट वर जातं. दादा म्हणतो, "काय कमी हाय तिला?"

पाऊस लागला आणि नव्या घराने आपले गुण दाखवले. छज्जा नाही म्हणून काचेच्या कडेने पाणी आत येतं. दादाने स्वतःच्या बंगल्यालाही निळं प्लास्टिक बांधलं, फक्त आईची काच तेवढी मोकळी सोडली, तिला रस्ता दिसावा म्हणून. पडवी नाही म्हणून हॉलमध्येच, महागड्या सोफ्याच्या वर वलणी बांधून ओले कपडे वाळत घातलेले. पाहुणा आला तर वहिनी गडबडीने ते गोळा करते. कारंजं बंद, कारण त्यात डास झाले. मी पावसात भेटायला गेले तेव्हा हे सगळं बघून मला हसू आलं, आणि मी ते लपवलंही नाही.

पण त्या दिवशी आत जाण्याआधी मी रस्त्यावरच थांबले होते. वर काचेमागे आई पलंगाच्या कडेला बसली होती. तिचे ओठ हलत होते. पलीकडून दोन बाया डोक्यावर प्लास्टिकची खोळ घेऊन लावणीला चालल्या होत्या. आईने काचेवर हात मारला. त्यांनी वर पाहिलं नाही. ती काच फिक्स आहे, उघडत नाही. उघडणारी घेतली असती तर मधे पट्टी आली असती आणि समोरून दिसणारं एलिव्हेशन बिघडलं असतं.

मी वर गेले, तिच्या शेजारी बसले.

"काय सांगत होतीस त्यांना?"

"काय न्हाई गं," ती म्हणाली. "बस वाईच, म्हनत व्हते."