मांजरावरचा आळ

"मांजराचं नाव काढू नकोस आता. दवाखान्यातल्या बाई काय म्हणाल्या? घरात धूळ नको, केस नको. केस कुणाचे? तुझे का माझे? त्या चिंधीचेच ना? घातली पिशवीत, दिली पोचवून. विषय मिटला."

गादीवाला दाभणात दोरा ओवता ओवता बायकोला सांगत होता. बायको शिलाई मशीनवर गादीची खोळ शिवत होती. तिनं पाय थांबवला नाही.

"मिटला तर मग आत खोकतंय कोण?"

आत पडद्यामागं त्यांची आठ वर्षांची पोर खोकत होती. मांजर जाऊन पंधरा दिवस झाले होते आणि खोकला होता तिथंच होता. वर नवी दुखणी आली होती. पोर ताटातलं अर्धं टाकायची. नखं कुरतडून बोटांची टोकं लाल केली होती. सहा वर्षं कोरडं असलेलं अंथरूण आता ओलं व्हायला लागलं होतं. शाळेच्या बाईंची चिठ्ठी आली, की मुलगी वर्गात बोलतच नाही.

"आणि धुळीचं काय?" बायकोनं विचारलं.

"धूळ कुठाय आपल्याकडं? दोन वेळा दारात पाणी मारतो मी."

पुढची खोली दुकान, मागची घर. दुकानात कापूस पिंजायचं यंत्र. ते सुरू झालं की कापूस पडद्याला जुमानत नसे. दिव्यावर, घागरीवर, पोरीच्या वहीवर, सगळीकडं त्याची पांढरी साय धरायची. पण त्याला धूळ म्हणायचं त्या घरात कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं. लोक जी वस्तू उशाला घेतात ती धूळ कशी असेल? गादीवाल्याचा आजा कापूस पिंजायचा, बाप पिंजायचा. दोघंही खोकायचे. बाप तर खोकत खोकतच गेला. नाक जसं वारशानं येतं तसा आमचा खोकला, असं म्हणून हसायची त्या घराची रीतच होती. तेव्हा पोरीचा खोकला घराण्याचा की मांजराचा, एवढाच काय तो प्रश्न गादीवाल्यापुढं होता, आणि त्यानं तो मांजराच्या गळ्यात बांधला होता.

चिंधी होती बायकोच्या भावाकडं. त्याची पिठाची गिरणी, उंदीर रग्गड. शाळेला सुट्टी लागली तशी बायको म्हणाली, "चार दिवस पोरीला मामाकडं सोडा."

"मांजराजवळ? म्हणजे आगीतून उठून फुफाट्यात."

"इथं काय गारव्यात बसलीय ती? बोटं बघा तिची."

त्यानं बोटं बघितली आणि पोरीला सोडून आला.

पाचव्या दिवशी आणायला गेला, तर पोर मामाच्या घराच्या पायरीवर, मांडीवर चिंधी.

"रात्री फार खोकली का रे?" त्यानं मेहुण्याला विचारलं.

"पहिल्या रात्री. मग नाही."

"मांजर लांब ठेवलं असशील."

"लांब? उरावर घेऊन झोपली दाजी. शेपटी माझ्या बायकोच्या नाकात."

एवढ्यात पोर उठून चार घरांपलीकडच्या गिरणीकडं निघाली. मामानं तिथूनच दटावलं. "गिरणीच्या दारात पाय टाकायचा नाही, किती वेळा सांगायचं?" मग गादीवाल्याकडं वळून म्हणाला, "माझ्या पोरांनाही येऊ देत नाही मी. पीठ पोटात गेलं तर अन्न, छातीत गेलं तर माती."

गादीवाल्यानं त्याच्याकडं नीट बघितलं. भुवया पांढऱ्या, कानांच्या पाळ्या पांढऱ्या. मग त्याची नजर स्वतःच्या बाहीवर आली.

"काय झालं दाजी?"

"काही नाही. तू माझ्यासारखा दिसतोस."

"तुमच्यापेक्षा बरा. मी अंघोळ करून घरात शिरतो."

पोरीला घेऊन तो घरी आला. मांजर आणलं नाही. दुसऱ्या दिवशी यंत्र चाललं आणि संध्याकाळी खोकला सुरू झाला. घरात मांजराचा एक केस नव्हता. तरी आणखी दोन दिवस त्यानं यंत्र चालवलंच. पोरीचा खोकला कापसाचा हे कबूल करायचं, तर स्वतःच्या बापाचाही कापसाचाच होता हे कबूल करावं लागत होतं.

तिसऱ्या दिवशी तो गल्लीच्या टोकाला सुताराकडं गेला आणि त्याची मागची रिकामी शेड मागून घेतली. यंत्र हातगाडीवर चढवताना बायको एवढंच म्हणाली, "आता खोळी तिथवर मी वाहू का तुम्ही?"

"मी."

मग त्यानं घर वरपासून खालपर्यंत ओल्या फडक्यानं पुसलं आणि चिंधीला आणलं. खोकला काही रातोरात पळाला नाही. हळूहळू उतरला. अंथरूण त्याआधीच कोरडं झालं. नखांना दीड महिना लागला. दवाखान्यातल्या बाईंनी छाती तपासली, मांजर परत आल्याचं ऐकलं आणि म्हणाल्या, "राहू दे. पण दर महिन्याला दाखवून जा."

आज सकाळी पोर चिंधीला काखेत मारून शेडपर्यंत आली.

"बाबा, आई विचारतेय, जेवायला कधी येणार?"

"तिथंच थांब. आत नको. दुपारी येतो म्हण, अंघोळीचं पाणी काढून ठेव म्हण."

पोर वळली. ती कोपऱ्यावरून दिसेनाशी होईपर्यंत तो थांबला. मग नाकाला फडकं बांधलं आणि यंत्र सुरू केलं. दुपारपर्यंत एक दुहेरी गादी भरून द्यायची होती.