फुटपाथवरची हत्यारं आणि सागवानी पाळणा

जगात जेवढी म्हणून टाकाऊ हत्यारं तयार होतात, ती भंगारात जाण्याआधी एकदा तरी माझ्या मामेसासऱ्यांच्या हातातून जातात, असं माझं ठाम मत आहे. नव्वदच्या दशकात लग्न करून मी नोकरीसाठी सुरतेत उधन्याला आलो, तेव्हा बायकोचे हे मामा तिथे जवळच डिंडोलीत राहत होते. मूळचे धुळ्याकडचे. पॉवरलूमच्या कारखान्याला सुरतेत खातं म्हणतात. अशा एका खात्यात त्यांनी वीस वर्षं माग चालवला आणि मग ते मास्तर झाले, म्हणजे बिघडलेले माग दुरुस्त करू लागले. मामांनी लांबून नुसता कान दिला तरी माग आपलं दुखणं सांगतो, अशी त्यांची ख्याती होती. पण हाच माणूस रविवारी घरात स्टूल ठोकायला बसला, की मामी आधी कणीक झाकून ठेवत आणि मग दाराबाहेर जाऊन उभ्या राहत.

दोष मामांच्या हातांचा नव्हता, हत्यारांचा होता. फुटपाथवर पोतं पसरून बसलेल्या कुणीही "जर्मन स्टील छे, काका!" म्हटलं की मामा विरघळत. त्यांच्या पक्कडीचे दोन जबडे वाटणीवरून भांडलेल्या भावांसारखे होते. जन्मात एकमेकांना भिडले नाहीत. पेचकस फिरवला की स्क्रू जागच्या जागी राही आणि पेचकसाला पीळ पडे. एकदा हातोडीचं डोकं दांड्यातून निसटलं आणि शेजारणीने वाळत घातलेल्या पापडांत जाऊन पडलं. मामा ते आणायला गेले. माफी वगैरे मागायच्या ऐवजी त्या बाईंनाच समजावून आले, "हातोडी चांगली शे, ताई. दांडा खोटा शे."

मी एकदा न राहवून म्हटलं, "मामा, खात्यात एवढी उत्तम हत्यारं आहेत. रविवारपुरती आणा की. शेठ तुम्हाला नाही म्हणणार नाहीत."

मामांनी माझ्याकडे असं पाहिलं, की जणू मी देवळातली समई उचलायला सांगितली होती. "जावाईबापू, खातामाना पाना खातामाच ऱ्हास. हातले सवय लागी गई ना, मंग उतरस नही." त्यानंतर मी हा विषय काढला नाही.

पुढे त्यांची एकुलती एक लेक पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली. आमच्याकडे बाळाचा पाळणा आजोळचा, आणि बाळंतीण सासरी निघाली की तोही तिच्याबरोबर जातो. सगळ्यांनी स्टीलचा पाळणा विकत आणायचं ठरवलं. मामा उसळलेच. "नातूले दुकानना पाळणा? मी काय मरी गऊ का?" नातूच होणार हे त्यांनी परस्पर ठरवून टाकलं होतं, झाली नात. पण त्या उसळण्यामागे एक सल होता. लेकीच्या लग्नात पलंगापासून पळीपर्यंत सगळं दुकानातलं दिलं गेलं होतं. बापाच्या हातचं असं तिच्या घरात काहीच नव्हतं. हे ते कधी बोलले नाहीत, पण आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं.

सातव्या महिन्यात सागवान आलं आणि महायुद्ध सुरू झालं. करवतीला लाकडाची भीती वाटे; ती लाकूड सोडून बाजूला वाकायची. रंधा लाकडाला लागण्याऐवजी मामांच्या अंगठ्याला लागला. बाळ ठरल्या दिवशी जन्माला आलं, पण पाळणा काही जन्माला येईना. बारशाला चार दिवस उरले, तेव्हा कशीबशी पेटी तयार झाली होती. ती टांगायची घोडी मात्र स्क्रू बसतील तर उभी राहणार! शेवटचा स्क्रू पिरगळून तुटला आणि मामांनी पेचकस खाली ठेवला. फेकला असता तर आम्ही हसलो असतो. त्यांनी तो हळूच ठेवला, म्हणून कुणाला हसू आलं नाही.

दुसऱ्या दिवशी ते बाजारातून नायलॉनच्या सुताच्या चार लडी घेऊन आले आणि जमिनीवर मांडी घालून बसले. हातात एकही हत्यार नव्हतं. माग चालवताना तुटलेला धागा जोडायला जी गाठ मारतात, तीच गाठ ते मारत सुटले. बोटं दिसत नव्हती, नुसत्या गाठी पडताना दिसत होत्या. संध्याकाळपर्यंत त्यांनी दोर वळले, जाळी विणली आणि पेटी छताच्या लोखंडी तुळईला टांगली. बारशाला लेकीच्या सासूबाईंनी पाळण्यावरून हात फिरवला आणि कुठल्या दुकानातून घेतला म्हणून विचारलं. मामा लाजून पाणी आणायला आत गेले, ते पाणी न घेताच परत आले.

सव्वा महिन्याने मामांचे जावई लेकीला न्यायला आले. गाडी दारात, सामान बांधलेलं, आता फक्त पाळणा उतरवायचा. तेव्हा कुठे मामांच्या ध्यानात आलं, की मागावरची गाठ सोडवायची नसतेच. ओढाल तेवढी ती आवळत जाते. मग मामांनी आपला फुटपाथवरचा चाकू काढला. अर्धा तास घासला. नायलॉनवर साधा ओरखडाही उठला नाही. जावई घड्याळ बघू लागले. मामा घामाने निथळत होते.

"ऱ्हाऊ द्या, आप्पा," लेक हळूच म्हणाली. "आम्ही तठे दुसरा लेऊत."

मामांनी ताबडतोब चाकू मिटला. मला तरी ते जरा जास्तच ताबडतोब वाटलं. पाच पावलांवर स्वयंपाकघरात मामींची विळी होती, केस कापेल अशी. ती मामांना ठाऊक होती, लेकीला ठाऊक होती आणि ज्यांची होती त्या मामी तर पदर तोंडाला लावून दारातच उभ्या होत्या. मीही ती आणायला उठलो नाही.

त्यानंतर मी जेव्हा जेव्हा डिंडोलीला गेलो, तेव्हा तो पाळणा तिथेच टांगलेला दिसला. मामा खात्यातल्या पाळीवरून येत, चपला काढत, आणि चहाच्या आधी त्या रिकाम्या पाळण्याला एक झोका देत. मामी चहा घेऊन उभ्या राहत आणि झोका थांबेपर्यंत त्यांना हाक मारत नसत.