नांवावरचं टिंब

वाचनालयाचे टायपिस्टकाका निवृत्त झाले, पण त्यांची बोटं काही निवृत्त झाली नाहीत. जेवतानाही ताटाच्या कडेवर टकटक चालायची. काकू म्हणायच्या, "अहो, आधी जेवा, अर्ज मग टाइप करा!"

शेवटी ग्रंथपालबाईंनी त्या बोटांना काम दिलं: बाराशे पुस्तकांची यादी संगणकावर चढवायची. काका आठ महिने खपले. प्रत्येक पुस्तकाचं नाव, लेखक, कपाट, सगळं संगणकाच्या 'जेसन' साच्यात, म्हणजे दर वेळी आधी मथळा आणि मग माहिती. तिकडे बाई व्हिडिओ बघून बघून जावास्क्रिप्ट ही संगणकाची भाषा शिकल्या. ती फाइल मागवायची आणि वेबपानावर ओळीने मांडायची, एवढाच बेत. अध्यक्षांना मात्र भरवसा नव्हता. "आज संध्याकाळी पाचला येतो. यादी दिसली तर ठीक, नाहीतर बाहेरून नवी करून घेऊ. काकांची ती फाइल द्या टाकून."

साडेचारला बाईंनी पान उघडलं. लेखक आले, कपाटं आली. पुस्तकाच्या जागी मात्र बाराशे वेळा एकच शब्द: अनडिफाइंड.

"हे कुठलं पुस्तक हो?" काका म्हणाले. "एवढ्या प्रती घेतल्या कुणी?"

"पुस्तक नाही, काका. मी 'नाव' मागतेय आणि संगणक म्हणतो, असलं काही फाइलीत नाहीच."

काकांचा चेहरा उतरला. "नाही कसं? बाराशे वेळा टाइप केलंय मी!"

बाईंनी फाइल उघडली. 'नाव' होतं की! 'ना'च्या डोक्यावर धुळीचा कण तेवढा दिसला. त्यांनी रुमालाने पुसला. जाईना. पान सरकवलं, तर कणही सरकला.

"काका, हे काय आहे?"

"अनुस्वार! नांवावर टिंब नको? गुरुजींच्या छड्या खाल्ल्यात त्यासाठी."

"ते टिंब कधीच गेलं हो!"

"कुठे गेलं? मला कुणी कळवलं नाही."

पाचला दहा कमी. फाइलीतली सगळी टिंबं एका फटक्यात पुसता आली असती. पण काका दोन्ही हात मांडीखाली दाबून बसले होते. बोटं गप्प. बाईंनी फाइल मिटली, स्वतःचा कोड उघडला आणि तिथल्या एकाच 'नाव'वर टिंब दिलं. पान पुन्हा उघडलं, तशी बाराशे पुस्तकं धडाधड रांगेत उभी राहिली.

"चुकलं कुणाचं होतं?" काकांनी हळूच विचारलं.

"माझं. टिंब राहिलं होतं."

"होतं असं. तुमच्या पिढीचं शुद्धलेखन कच्चंच," काका उदारपणे म्हणाले. जिन्यात अध्यक्षांची पावलं वाजली, आणि टेबलाच्या कडेवर टकटक सुरू झाली.