आमचे हे आणि ग्लायडरचा पत्रा

आमच्या गावातल्या कुठल्याही कचेरीतल्या फायलीवर 'तातडीचे' असा शिक्का दिसला, तर तो आमच्या ह्यांनी केलेला आहे असं खुशाल समजावं. आणि तो करायला ह्यांनी एवढा वेळ लावला होता, की ज्या साहेबांनी तो मागवला ते मधल्या मध्ये रिटायर झाले.

रबरी शिक्के करणं हा ह्यांचा धंदा. खाली दुकान, वर आम्ही. मशीनवर शिक्के निघायला लागून जमाना झाला, पण हे अजून हाताने कोरतात. अक्षर उलटं कोरायचं, म्हणजे कागदावर सरळ उमटतं. जन्मभर उलटं वाचून, उलटं लिहून माणसाचं काय होतं ते मला विचारा. लग्न ठरल्यावर ह्यांनी मला चार ओळी लिहिल्या आणि खाली सही ठोकली ती उलटी. आरशासमोर उभी राहून मी नवऱ्याचं नाव वाचलं. तेव्हाच शहाणं व्हायला हवं होतं.

दुसरी खोड म्हणजे खिशातलं पॅड. शाईचं, छोटं, पत्र्याच्या डबीतलं. कुठे कधी गिऱ्हाईक भेटेल आणि नमुना दाखवावा लागेल, म्हणून शर्टाच्या खिशात ते कायम. लग्नाला जाऊ दे, दवाखान्यात जाऊ दे, पॅड बरोबर. ह्यांच्या प्रत्येक शर्टाच्या छातीवर एक निळा डाग आहे. घासून घासून माझी नखं निळी झाली, डाग काही गेला नाही.

आम्हाला एकच मुलगी. हे लाडाने तिला चिमणी म्हणायचे, त्याचं चिमी झालं. आता बघा, पोरीला चिमणी म्हणून हाक मारायची आणि ती उडायला लागली की छातीत धस्स करून घ्यायचं! चिमी लिफ्ट दुरुस्त करते. दिवसभर लोकांना वर-खाली नेऊन हिची हौस भागली नाही, म्हणून सुट्टीच्या दिवशी गावाबाहेरच्या क्लबात जाऊन ग्लायडर चालवायला शिकली. ग्लायडर म्हणजे बिनइंजिनाचं विमान. लांब केबलने खेचून वर सोडायचं, मग वाऱ्यावर तरंगायचं.

"इंजिनच नाही?" हे ऐकून ह्यांनी घास तसाच ताटात ठेवला होता.

"नाही ना बाबा. त्यामुळे बंद पडायची भीतीच नाही."

ह्यावर ह्यांनी काय म्हणावं? आमच्या घरात नाही म्हणायची पद्धतच नाही, 'बघू' म्हणायची आहे. हे 'बघू' म्हणाले आणि उठून हात धुतले.

शिकेपर्यंत ठीक होतं, बरोबर मास्तर बसायचा. पण मग चिमीने क्लबाच्या अडगळीतलं एक मोडकं, एकाच माणसाने बसायचं ग्लायडर मागून घेतलं आणि रोज कामावरून आल्यावर तिकडे जाऊन ते जोडत बसली. कापड चढवलं, रंग दिला, चाक बसवलं. राहिला एकच पत्रा. चालवणाऱ्याच्या समोर असतो तो, ज्यात वेग, उंची, दिशा दाखवणारी गोल घड्याळं बसवतात. जुना तडकला होता. इन्स्पेक्टर वर्षातून एकदा, मोसमाच्या तोंडाला येणार, सगळं तपासून कागदावर शिक्का मारणार. शिक्का नाही तर वर्षभर ग्लायडर जमिनीवर.

"एका वर्कशॉपात मशीनवर कापून मिळतो," चिमी म्हणाली.

"मशीनवर?" हे ताडकन म्हणाले. "मी जिवंत असताना? मी करतो."

पोरगी एवढी खूश झाली, की तिने ह्यांच्या गळ्यात हातच टाकले. तिला वाटलं, बाबा राजी झाले. मी मनात म्हटलं, झालं! चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या. ह्यांना 'नको' म्हणता येत नाही, पण काम लांबवता येतं. त्या कलेत ह्यांचा हात धरणारा अजून जन्माला यायचाय.

मग आमच्या जेवणघरात विमान अवतरलं. खुर्चीचे मागचे पाय कापून ती मागे कलती केली, कारण ग्लायडरमध्ये म्हणे माणूस बसत नाही, जवळजवळ आडवा होतो. ती खुर्ची माझ्या माहेरची. चिमीला त्यात निजवून हे टेपने तिचा हात मोजायचे, गुडघा मोजायचे, डोळ्यापासून नाकाच्या शेंड्यापर्यंत मोजायचे. समोर पुठ्ठ्याचा पत्रा उभा. त्यावर घड्याळांच्या जागी माझ्या बरण्यांची झाकणं, मोठ्या बरणीचं मोठ्या घड्याळाला, छोटीचं छोट्याला. सगळ्या बरण्या उघड्या आणि मुंग्यांची चंगळ.

पहिल्या पुठ्ठ्यात गुडघे अडकले. दुसऱ्यात गुडघे सुटले, पण वेगाचं घड्याळ गुडघ्याआड गेलं. तिसरा मलाही पटला, तर ह्यांना साक्षात्कार झाला की होकायंत्र रेडिओच्या स्पीकरशेजारी आलंय आणि स्पीकरमध्ये लोहचुंबक असतं. "उत्तर म्हणून भलतीकडेच जाईल ना पोरगी!" असं म्हणून तोही फाडला. ही तक्रार खरी होती, ते मान्य करते. पण त्यानंतर कोपऱ्याची गोलाई किती असावी ह्यावर हे जो विचार करत बसले, त्याला काही धरबंध? सकाळी एक कोपरा काढायचा, संध्याकाळी खोडायचा. शेजारीपाजारी येऊन बघून जायचे, "काय बारकावा! काय चिकाटी!" हे मान खाली घालून म्हणायचे, "सुरक्षेचा प्रश्न आहे." मी फोडणीतला झारा हातात घेऊन ऐकायचे आणि गप्प बसायचे.

एकदा नाही बसले गप्प. म्हटलं, "अहो, सरळ सांगा ना तिला. म्हणावं, मला भीती वाटते. तू वर गेलीस की मला श्वास घेता येत नाही. त्यात लाज कसली?"

"कानस कुठे ठेवलीस?" हे म्हणाले.

"तुमच्या हातात आहे."

शेवटी चिमीच बोलली. इन्स्पेक्टर रविवारी यायचा होता आणि अॅल्युमिनियमचा पत्रा अजून भिंतीला टेकून कोराच उभा होता. कामाच्या कपड्यांतच ती ह्यांच्यासमोर येऊन बसली. "बाबा, एवढी खटपट केली ती ह्या एका वर्षासाठी. पत्रा नसला तर वर्ष गेलं. तुम्हाला करायचा नसेल तर तसं सांगा. मी रागावणार नाही. पण 'बघू' म्हणू नका."

हे उठले आणि पत्रा घेऊन खाली गेले.

काम करायला बसलं की हा माणूस वेगळाच. पुठ्ठ्यावरून उतरवलेल्या नकाशाचा पातळ कागद पत्र्यावर चिकटवला, गोल करवतीने भोकं पाडली, कडा कानशीने घासून अशा केल्या की गालावर फिरवाव्यात. स्क्रूची डोकी आत बसावीत म्हणून प्रत्येक छिद्राला खळगा केला. पत्रा काळा रंगवला, आणि प्रत्येक घड्याळाखाली नाव कोरून त्यात पांढरा रंग भरला. शनिवारी संध्याकाळी फडक्यात गुंडाळून वर आणला आणि टेबलावर ठेवला. शिष्टपणे म्हणाले, "बघा."

सुरेख होता हो. खोटं कशाला बोलू? मी म्हटलंसुद्धा, "वा!"

चिमीने पत्रा उचलला, मोरीवरच्या आरशासमोर धरला आणि तशीच उभी राहिली.

"बाबा, हे उलटं आहे."

सगळंच उलटं. डावीकडचं घड्याळ उजवीकडे, रेडिओ ह्या टोकाचा त्या टोकाला, आणि अक्षरं तर अस्सल शिक्क्याची. शाई लावून कागदावर दाबला असता तर नमुनेदार पत्रा छापून निघाला असता! जन्मभराच्या सवयीने ह्यांनी नकाशाचा कागद पालथा करून चिकटवला होता, आणि उलटं त्यांना सरळच दिसत असल्यामुळे पुढचं सगळं त्याबरहुकूम.

चिमीचा आवाज अगदी बारीक झाला. "मुद्दाम केलंत?"

एक क्षण माझ्याही मनात तेच आलं, देवाशपथ. पण मी ह्यांच्या तोंडाकडे बघितलं. हे अक्षरांवरून बोट फिरवत होते. "वेग... उंची... दिशा. बरोबर तर आहे की गं." त्यांना अजूनही चूक दिसत नव्हती. आणि दिसली तेव्हा हा माणूस खुर्चीत असा बसला, की ती पाय कापलेली खुर्ची आहे हेही विसरला. मागे कलंडला तो थेट आढ्याकडे बघत. हसू की रडू मला कळेना. "मुद्दाम नाही गं," तिथूनच म्हणाले. "तुझी शप्पथ, मुद्दाम नाही."

चिमीने त्यांना हात देऊन उठवलं. मग पत्रा हातात घेतला, पालथा केला. मागची बाजू कोरीकरकरीत, म्हणजे खरं तर ओरखड्यांनी भरलेली, पेन्सिलच्या खुणांची, एका ठिकाणी माझ्या चहाच्या कपाचा गोल. पण पालथा केल्यावर भोकं सगळी जिथल्या तिथे.

"चालेल," ती म्हणाली.

"मागची बाजू? पुढे?" हे कळवळले. "लोक काय म्हणतील?"

"वर लोक नसतात बाबा."

तिने लिफ्टच्या बटणांवर लिहायचा मार्कर काढला आणि कपाच्या डागाशेजारी 'वेग' असं लिहिलं. ह्यांच्या हयातीतलं सगळ्यात देखणं काम ग्लायडरच्या नाकाकडे तोंड करून बसलं. पुढे आला तो ओबडधोबड पत्रा, त्यावर स्क्रूची टेंगळं आणि पोरीचं कोंबडीच्या पायांसारखं अक्षर.

रविवारी आम्ही तिघंही क्लबाच्या हँगरात, विमानं ठेवायच्या शेडमध्ये. इन्स्पेक्टर साहेब ठेंगणे, गंभीर, कशालाही बरं न म्हणणारे. पंख हलवून बघितले, चाकाला लाथ मारली. पत्र्याकडे बघून नाक मुरडलं. हे माझ्यामागे लपायला बघत होते. मग साहेबांनी दांडीचा छोटा आरसा काढला, तो पत्र्याच्या पलीकडे घातला आणि घड्याळांच्या नळ्या नीट जोडल्यात का ते बॅटरी लावून बघायला लागले. बघता बघता थांबले.

"अरेच्चा! मागेसुद्धा नावं? आणि आरशात सरळ वाचता येतात!" साहेब ताठ झाले. "एवढ्या नोकरीत एवढी दूरदृष्टी बघितली नाही. कुणाचं काम हे?"

मला वाटलं, हे आता खरं सांगतील. कसलं काय! माझ्यामागून बाहेर आले, कॉलर सरळ केली. "सुरक्षेचा प्रश्न आहे साहेब," म्हणाले. चिमीने तोंड फिरवलं, तिचे खांदे हलत होते.

साहेबांनी सही केली. पिशवीतून शिक्का काढला, ह्यांनीच कधीकाळी करून दिलेला. मग पॅड काढलं. ते खडखडीत वाळलेलं. त्यावर फुंकर मारली, दाबलं, पुन्हा दाबलं, कागदावर शिक्क्याचं भूतसुद्धा उमटेना.

"कुणाकडे पॅड आहे का?"

कुणाकडे असणार? क्लबाच्या ऑफिसला कुलूप, किल्ली सेक्रेटरीकडे, सेक्रेटरी परगावी. साहेब म्हणाले, "माझा नाइलाज आहे. सहीला कोण विचारतो? शिक्का लागतो. पुढच्या खेपेला बघू."

पुढची खेप म्हणजे पुढचं वर्ष. चिमी पंखाला टेकून उभी राहिली. तिला बिचारीला ते सुचलंच नाही, इतकी ती आशेवरून खाली आली होती.

मला सुचलं. कारण डाग मी धुते. मी ह्यांच्या खिशाकडे बघितलं, तिथे डबीचा चौकोन स्पष्ट दिसत होता. ह्यांचा हात त्यावर येऊन थांबला होता, जणू छातीत दुखतंय. नुसतं गप्प राहायचं होतं. नाही म्हणायलाही नको होतं. पोरगी वर्षभर जमिनीवर राहिली असती, आणि दोष पॅडचा.

आणि मी? एवढे टोमणे मारणारी मी? बाहेर केबल पसरलेली दिसत होती, वरचं आभाळ केवढंतरी मोकळं, आणि माझ्या मनात आलं, राहू दे. एक वर्ष राहू दे. मी ह्यांना उगाच नावं ठेवत होते.

ह्यांनी खिशातून डबी काढली. झाकण उघडलं, बोटाने शाई ओली आहे का बघितलं आणि साहेबांपुढे धरली.

साहेबांनी शिक्का पॅडवर दाबला आणि कागदावर नेला.

"साहेब," हे म्हणाले, "उलटा धरलाय. सरळ मारा."

मग चिमी त्या ओबडधोबड पत्र्यासमोर आडवी झाली, वरचं काचेचं झाकण बंद झालं, केबल ताणली गेली, आणि आमची पोरगी काही आवाज न करता वर गेली. ह्यांनी माझं मनगट धरलं. शाईच्या बोटांनी, इतकं घट्ट, की अंगठ्याचा निळा ठसा उमटला. ती खाली उतरेपर्यंत त्यांनी ते सोडलं नाही, आणि मीही हात काढून घेतला नाही.