भिंगरीला बसायला शिकवलं

आमच्या घड्याळवाल्याला गप्प बसता यायचं आणि मला येत नाही, म्हणूनच आमचं चाळीस वर्षं जमलं. त्याचं दुकान म्हणजे जिन्याखालची जागा. उभं राहिलं की डोकं आपटायचं, म्हणून सकाळी बसलेला माणूस संध्याकाळीच उठायचा. डोळ्याला भिंग, चिमट्यात केसाएवढी कमान. एकदा मी गंमत म्हणून त्याच्या पाठीमागे कागदी पिशवी फुगवून फाटकन फोडली. गडी हलला नाही. कमान जागेवर बसवली, भिंग काढलं आणि म्हणाला, "हं, आता दचकतो."

तर अशा माणसाच्या पदरात नात पडली ती भिंगरी. हे नाव त्यानंच ठेवलेलं. चार वर्षांची पोर, पण खुर्चीला बूड म्हणून टेकायचं नाही.

गुडघे कुरकुरायला लागले तसं दुकान बंद करून तो मुलाकडे राहायला गेला. मुलगा चांगला हो, व्यसन नाही, उलटून बोलणं नाही. पण सकाळी "येतो बाबा" आणि संध्याकाळी "जेवलात ना बाबा", मधे काही नाही. रविवारी मात्र सगळे हॉटेलात जेवायला जायचे. घड्याळवाला शनिवारीच शर्टाला इस्त्री करून ठेवायचा. त्याचा आपला एक हिशेब होता. समोरासमोर बसलं, गरम गरम जेवण पुढ्यात आलं, की पोरगा चार शब्द बोलेल.

व्हायचं काय, सूप येईपर्यंत भिंगरी टेबलाखाली. मग चमचे जमिनीवर. मग शेजारच्या बाईंच्या पर्समध्ये हात. लोक माना वळवून बघायला लागले की सूनबाईंच्या कपाळाला आठी पडायची आणि मुलगा म्हणायचा, "बाबा, हिला जरा बाहेर फिरवून आणता का?"

घड्याळवाला उठायचा. दारापासून गाड्या लावतात तिथपर्यंत, आणि परत. काचेतून आतलं दिसायचं. मुलगा हातवारे करकरून बायकोला काहीतरी सांगतोय, दोघं हसतायत. हा आत येईपर्यंत भात दगड झालेला, मुलगा मोबाईलमध्ये, आणि सूनबाई पर्स खांद्याला लावून, "आटपा बाबा, लोक टेबलासाठी थांबलेत."

"दीड वर्षात एक घास गरम नाही रे," तो मला म्हणाला.

"मग सांग की पाय दुखतात म्हणून."

"सांगितलं."

"मग?"

"मलम आणून दिलं."

शेवटी त्यानं घड्याळवाल्यासारखाच विचार केला, की यंत्र बिघडलंय तर दुरुस्त करू. मुलगा-सून कामावर गेले की दुपारी आजोबा-नातीचं हॉटेल उघडायचं. भिंगरी उंच खुर्चीवर, हा मनगटावर टॉवेल टाकून उभा.

"बाईसाहेब, काय आणू?"

"सूप! आणि लवकर!"

वाटीत कोमट पाणी यायचं. नियम एकच. ताटली उचलून नेईपर्यंत पाय जमिनीला लावायचे नाहीत. पहिल्या दिवशी ती दीड मिनिट बसली. दोन महिन्यांनी पाऊण तास. मी डोळ्यांनी पाहिलंय, उभं राहून राहून याच्या पोटऱ्या टरटरल्या होत्या आणि पोरगी मात्र लग्नातल्या वरमाईसारखी ताठ बसलेली.

आणि मग तो रविवार आला. भिंगरी बसली. सूप आलं, भात आला, ती बसलेलीच. घड्याळवाला दुसऱ्या दिवशी धापा टाकत माझ्याकडे आला आणि त्यानं मला जीभ काढून दाखवली.

"पोळली! बघ, पोळली!" एवढा आनंद मी त्याच्या तोंडावर लग्नातसुद्धा पाहिला नव्हता. "आणि पोरानं विचारलं मला. म्हणाला, बाबा, तुम्ही दुकानात दुपारी खायचात काय हो?"

पुढच्या रविवारी तो इस्त्रीचा शर्ट घालून पाच वाजल्यापासून दाराशी बसला. सूनबाई तयार होऊन आल्या आणि थबकल्या.

"अगंबाई, बाबा, तुम्ही पण निघालात? आम्ही तिघांचंच टेबल सांगितलंय. ही आता छान बसते ना, तुम्हाला कशाला उगीच दगदग?"

मुलगा बूट चढवत होता. "पाय दुखतात म्हणत होतात ना बाबा? पडा जरा. फ्रीजमध्ये सगळं आहे."

तेही मायेनं म्हणाला. वाईट बोलला असता तर भांडता तरी आलं असतं.

सोमवारी दुपारी घड्याळवाल्यानं हॉटेल पुन्हा उघडलं. "आज आपण पळायचं हॉटेल खेळू. टाक बघू चमचा खाली."

भिंगरी त्याच्याकडे बघत राहिली. "आजोबा, शहाणी मुलं असं करत नाहीत."

शेवटी चमचा यानंच टाकला. तिनं खुर्चीवरूनच बोट दाखवलं, "उचला." आणि त्यानं उचलला.

हे ऐकून मी हसलो. तो हसला नाही. मग मी म्हटलं, "चल, मी नेतो तुला. दोघं जाऊ, जीभ पोळेपर्यंत जेवू."

"तुझ्यासमोर बसायला हॉटेल कशाला?" तो म्हणाला. "मला त्याच्यासमोर बसायचं होतं."

आता रविवारी घरात आवराआवर सुरू झाली, की कुणी काही म्हणायच्या आत तोच म्हणून टाकतो, "मला आज भूक नाही, तुम्ही जाऊन या." परवा मी तिथंच होतो. मुलगा दारात थांबला आणि मोठ्या कौतुकानं मला म्हणाला, "काका, आमच्या बाबांना ना, पहिल्यापासूनच बाहेरचं खाणं आवडत नाही."

घड्याळवाल्यानं मान डोलावली.