लेकीची पापं मी लिहून दिली

शनिवारी चार वाजता बंगळुरूत, कोरमंगलाच्या आमच्या चर्चमध्ये लेकीचं पहिलं कन्फेशन होतं, म्हणजे फादरपुढे आपल्या पापांची कबुली. तिला नुकतीच सात वर्षं पूर्ण झाली होती. सात झाली की मुलाला बरंवाईट कळतं, त्याच्या पापाला मग तेच जबाबदार, असं आमच्यात मानतात. धर्मशिक्षणाच्या वर्गात सिस्टरांनी मुलांना आपापली पापं कागदावर लिहून आणायला सांगितलं होतं. सव्वातीन वाजले तरी हिचा कागद कोरा!

"अगं, काहीतरी लिही की!"

"मी आठवतेय ना, आई."

माझं डोकं आधीच तापलेलं, कॅब मिळत नव्हती. बाकीची मुलं धडाधड बोलणार आणि माझीच लेक फादरपुढे मुकी बसणार, याची मला धास्ती. काय पण आई! कागद ओढला आणि लहानपणी वसईत पाठ केलेली माझी तीन पापं खडाखड लिहून दिली. खोटं बोलले, आईचं ऐकलं नाही, भावाला मारलं. खरं सांगते, तीस वर्षं मी स्वतःही तीच तीन सांगत आलेय.

"मला भाऊच नाही," ती म्हणाली.

"मग समोरच्या फ्लॅटमधल्या मैत्रिणीला मारलं म्हण."

"पण मी तिला कधीच नाही मारलं."

"जास्त शहाणपणा नको. पाठ कर."

कॅबमध्ये ती सगळा वेळ ओठ हलवत होती.

कन्फेशन झालं, मी हौसेने फोटो काढले. घरी परतलो तर ही लिफ्टमधून निघून थेट समोरच्या दारात. मैत्रिणीला मारलंस तर जाऊन माफी माग, असं फादरनी तिला सांगितलं होतं. मी पोचेपर्यंत तिने माफी मागितलीही. मैत्रीण नुसती बघत राहिली. तिची आई बाहेर आली. "यावाग? कधी मारलं?" तिने कानडीत सुरुवात करून मलाच विचारलं.

खरं सांगायला एक वाक्य पुरलं असतं. मी हसून म्हणाले, "मुलंच ती, चालायचंच." लेकीने मान वर करून माझ्याकडे पाहिलं. ती नजर आठवली की आजही मेल्याहून मेल्यासारखं होतं.

घरात आल्यावर तिने विचारलं, "आई, मी फादरशी खोटं बोलले ना?"

"ते माझं पाप, बाळा. मी लिहून दिलं होतं."

"पण बोलले तर मी. आणि मला सात पूर्ण झालीत."

तिने वहीचं एक पान फाडलं, पेन्सिल घेतली आणि टेबलाशी बसली. मी सवयीने तिच्या बाजूची खुर्ची ओढली. तिने कागदावर हात आडवा धरला.

"तू बाहेर थांब, आई. हे माझं खरं आहे."

मी बाहेर जाऊन उभी राहिले.